दहा सेकंदांचे ठिपके

आदरणीय गुरुनाथअप्पा मठपती यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. भांडण मी काढलं होतं. अप्पांनी फक्त माझा शर्ट काढायला लावला.

गौरवग्रंथात पहिल्याच ओळीला असं लिहावं की नाही, मला ठाऊक नाही. या ग्रंथात मोठमोठे डॉक्टर लिहिणार आहेत. मी बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्ध्यातून सोडलेला, दाजींची काळी-पिवळी जीप भोकर ते नांदेड चालवणारा माणूस. समितीच्या सरांना मी म्हणालोही, तुमचा नंबर चुकला असेल. ते म्हणाले, "कुणाला लिहायला सांगू, असं अप्पांना विचारलं. त्यांनी एकच नाव घेतलं. गजू भोकरवाला." मग लिहिणं भाग आलं. अप्पांच्या साठीच्या निमित्ताने त्यांच्या नोकरीचा आढावा इतर मंडळी घेतीलच. मला एका लेकराच्या छातीत काय चाललं होतं आणि अप्पांनी ते कसं धरलं, एवढंच सांगता येतं.

ते लेकरू म्हणजे माझी भाची, आरोही. आम्ही आरू म्हणतो. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. खेळता खेळता मध्येच खाली बसायची, छातीला हात लावायची आणि म्हणायची, "आई, पळून राहिलं." काय पळतंय विचारलं की म्हणायची, "आतलं." चेहरा पांढरा पडायचा. गळ्याजवळची शीर थडथड उडताना लांबून दिसायची. छातीवर हात ठेवला तर ठोका असा वेगळा कळायचाच नाही. व्हायब्रेटवर ठेवलेला फोन वाजत राहावा तसं काहीतरी हाताला लागायचं.

आम्ही तिला गाडीत घालून नांदेडला पळायचो आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत पोरगी ठणठणीत व्हायची. ईसीजीची पट्टी निघायची, ती चांगली यायची. दोनदा असं झालं. एका ठिकाणी तर ताईला सांगण्यात आलं, लेकरू लाडावलंय, लक्ष वेधून घेण्यासाठी करतं. घरी ताईच्या सासूबाईंनी दृष्ट काढली, काळा दोरा बांधला. पण सगळ्यात जास्त कोण घाबरलं असेल तर दाजी. दाजींचा एक धाकटा भाऊ पाच वर्षांचा असताना अंगणात खेळता खेळता पडला होता, तो उठलाच नाही. कशाने, ते कधी कळलं नाही. त्या घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. आरू छातीला हात लावून बसली की दाजी उठून बाहेर जायचे, आणि ते का जातात हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

तिसऱ्या खेपेला आम्ही नांदेडच्या ज्या दवाखान्यात गेलो, तिथे अप्पा ईसीजी काढत होते. उंचीने कमी, कपाळाला भस्माचे पट्टे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. टेबल बघूनच आरू किंचाळायला लागली. आधीच्या ठिकाणी चौघांनी तिचे हातपाय दाबून धरले होते, ते ती विसरली नव्हती. मी सवयीने तिचे पाय धरायला पुढे झालो.

"पाय सोडा," अप्पा म्हणाले. "नाव काय तुमचं?"

"गजानन. मामा हाय मी."

"गजाननराव, शर्ट काढा."

"माझा कशाला? पेशंट ही हाय."

"हाव, दिसून राहिलं मला. तुम्ही काढा तर."

मी चिडूनच टेबलावर आडवा झालो. अप्पांनी ते चिकट जेल आधी स्वतःच्या तळहातावर चोळून कोमट केलं. पुढे मी हे कितीदा तरी पाहिलं. गार जेल अंगाला लागलं की लेकरू दचकतं, म्हणून अप्पा उन्हाळ्यातसुद्धा ते हातावर घेतल्याशिवाय लावत नाहीत. मग एकेक चकती माझ्या छातीवर बसायला लागली, आणि चौथ्या चकतीला अप्पा थांबले. माझ्या छातीवर डाव्या बाजूला 'वैशाली' असं गोंदलेलं आहे. जत्रेत गोंदवून घेतलं होतं. तिच्यावरून कॉलेजात मारामारी करून मी शिक्षण सोडलं, तो विषय इथे नको. चकती बरोबर त्या नावावर बसत होती.

"हिला ठाऊक हाय का?" अप्पांनी विचारलं.

"कुणाला?"

"जिचं नाव हाय तिला."

"न्हाई."

"मग हळूच चिकटवतो. तिला लागाया नको."

आरू रडता रडता हसली. "मामाला चिकटवलं!" मग अप्पांनी स्वतःच्या शर्टाची बटणं काढली, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग अदबीने खांद्याकडे सरकवलं आणि एक चकती आरूच्या हातात दिली. "मला तू लाव." तिने लावली. त्यानंतर ती आपणहून टेबलावर चढली आणि पट्टी निघेपर्यंत हललीसुद्धा नाही.

पट्टी चांगली आली. अप्पा म्हणाले, "आत्ता तर काही न्हाई."

माझं डोकं फिरलं. "तुमची मशीन खराब हाय! पोरगी मरून राहिली आन तुम्ही सगळे काही न्हाई, काही न्हाई करून राहिले!" असं ओरडून मी ती पट्टी मुठीत चुरगळली. बाहेरची माणसं दारात जमली. ताई "गजू, गजू" करत होती. अप्पांनी माझी मूठ उघडली, पट्टी घेतली आणि टेबलावर ठेवून हाताने सरळ केली. आवाज चढवला नाही.

"मशीन चांगली हाय. वेळ चुकून राहिली," ते म्हणाले आणि ताईकडे वळले. "बाई, छातीला हात लावल्यावर काय लागतं, ते या ट्रेवर वाजवून दाखवा."

ताईला आधी कळलंच नाही. मग तिने स्टीलच्या ट्रेवर दोन बोटांनी वाजवायला सुरुवात केली. दोन बोटं पुरेनात, तेव्हा चार बोटं लावली. वाजवता वाजवता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण बोटं थांबली नाहीत. मी अप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. माझ्या ओरडण्याने जो चेहरा हलला नव्हता, तो त्या ट्रेच्या आवाजाने हलला.

"चढत चढत सुरू होतं का एकदम?"

"एकदम."

"आन थांबतं कसं?"

"तेबी एकदम. नळ बंद केल्यावानी."

"कुठं थांबतं?"

हे आम्हाला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ताई म्हणाली, घरी थांबत नाही, गाडीत थांबतं. गाडीत कुठे? मी म्हणालो, भोकर फाट्यापाशी. तिथे काय करता? मी सांगितलं, फाट्यावर ओळखीची रसवंती आहे. ऊन लागून होत असेल म्हणून मी तिथे गाडी लावतो, बर्फाचा चुरा फडक्यात बांधतो आणि आरूच्या तोंडावर धरतो. तिला बरं वाटतं. मग पुढे निघतो.

अप्पा म्हणाले, "गजाननराव, तुम्हीच थांबवून राहिले की. आन मशीनला शिव्या देता."

अप्पा तसेच उठून बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. तंत्रज्ञाने डॉक्टरांना जाऊन रसवंतीची गोष्ट सांगायची, हे सगळीकडे खपत नाही. मॅडमनी मात्र आम्हाला आत बोलावलं आणि समजावून सांगितलं. हृदयात जी वीज फिरते ती काही लेकरांत भलत्या वाटेने गोल गोल फिरायला लागते, मग ठोके बेफाम होतात. तोंडावर एकदम गारवा आला की कधीकधी ते चक्र तुटतं. म्हणजे तुम्ही नकळत बरोबर केलंत, पण तोंड-नाक झाकून असं गाडीत करणं धोक्याचं आहे. आणि चालू असताना पट्टी मिळाल्याशिवाय नेमका आजार कळत नाही. वरून सारखे दिसणारे दोन प्रकार असतात, एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं.

म्हणून ठरलं ते असं. पुढच्या वेळी लेकरू बोलत असेल, ओठ गुलाबी असतील, तर बर्फ न लावता सरळ नांदेडला आणायचं. गुंगी आली, ओठ निळे पडले, हातपाय गार पडले तर जिथे असाल तिथल्या जवळच्या दवाखान्यात शिरायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं. ज्याच्या हातात लेकराला बरं वाटायचा एकच उपाय आहे, त्याला सांगायचं की तो वापरू नको. मी त्या दिवशी मॅडमना हो म्हणालो, पण मला ते जमेल असं वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर अप्पांनी ताईला एक कोरा कागद आणि पेन दिलं. "एवढे जलद ठोके मोजता येत न्हाईत. तोंडानं आकडा म्हणेपर्यंत तीन निघून जातात. मोजायचं न्हाई. डावा हात छातीवर, उजव्या हातानं ठोक्याला एक ठिपका. रांगोळीचे काढता तसे, पण ओळ न धरता. गजाननराव घड्याळ बघतील. दहा सेकंदांनी बस म्हणतील. मग निवांत मोजा." त्यांनी तिथेच आरूच्या छातीवर हात ठेवून करून दाखवलं. सतरा ठिपके पडले. "हे चांगले ठिपके. हा कागद घरी भिंतीला लावा."

त्यानंतर दिवस कसे गेले, ते सांगता येत नाही. आरू शिंकली तरी घरात सगळे थांबायचे. ताई तिला अंघोळ घालताना छातीवर हात ठेवायची आणि तो काढायला विसरायची. दाजी स्वतःच्या आईवर विनाकारण खेकसायचे. मी गाडीत पेन, कागद आणि पाण्याची बाटली ठेवली होती; बाटलीतलं पाणी मुद्दाम साधं. रोज संध्याकाळी साडेसहाला अप्पांचा फोन यायचा. हालहवाल नाही, काही नाही. "ठिपके किती?" ताई सांगायची सोळा, अठरा. "बरं, शरणार्थ," असा त्यांच्या लिंगायत रीतीचा नमस्कार करून फोन ठेवायचे. दवाखान्यातल्या इतक्या लेकरांत त्यांना आमचं रोज कसं आठवत होतं, हे मी विचारलं नाही. तो फोन आला नसता तर त्या दिवसांत ताईला झोप लागली नसती, एवढं मला माहीत आहे.

तो दिवस आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. इथे मला एक गोष्ट लिहायची आहे जी मी घरी कुणाला सांगितलेली नाही, आणि आता हे छापून आल्यावर सगळेच वाचतील. ताई आत स्वयंपाकघरात होती. आरू ओसरीवर माझ्यापाशी खेळत होती आणि मी फोनवर होतो. वैशाली लातूरला नर्सिंगला होती. त्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार होते आणि मी तिला विनवत होतो की नाही म्हण. आरूने माझा सदरा ओढला. "मामा, पळून राहिलं." मी तिचा हात झटकला आणि म्हणालो, "गप बस की जरा!" ती गप बसली. भिंतीला टेकून, छातीला हात लावून, शहाण्या लेकरासारखी गप बसली. मी फोन ठेवून वळलो तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. किती मिनिटं गेली, मला माहीत नाही. फोनमध्ये बोलण्याची वेळ लिहून येते. मी ती कधी बघितली नाही.

ताईने ठिपके काढले. मी बस म्हणालो. अडतीस.

दाजी बाहेरगावी होते. मी गाडी काढली, ताई आरूला घेऊन मागे बसली. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे आरूला बोलतं ठेवायचं होतं. ताई तिला समोरून येणाऱ्या गाड्यांचे रंग विचारत होती. "लाल." "हा?" "पांढरा." आवाज बारीक होत चालला होता. बारड मागे पडलं तेव्हा ती रंग सांगायच्या आधी थोडी थांबायला लागली.

भोकर फाट्यावर रसवंतीवाल्याने माझी गाडी लांबूनच ओळखली. नेहमीप्रमाणे त्याने पोत्यातून बर्फाचा तुकडा काढून हातात धरला होता. "गजूभाऊ, बर्फ!" असं त्याने ओरडलेलं मला ऐकू आलं.

"थांब रे गजू," ताई म्हणाली.

मी थांबलो नाही.

"गजू, थांब म्हणते ना! बर्फ घे. लेकरू जाईल माझं!" तिने मागून माझ्या पाठीवर बुक्क्या मारायला सुरुवात केली. मी आरशात बघितलं. आरूचे ओठ गुलाबी होते. मी पुन्हा बघितलं, गुलाबीच होते. मी ओरडलो, "तिला रंग विचार!" ताई रडत होती, तिच्याने विचारवेना. मग मीच विचारलं, "आरू, ट्रक कोणता?" मागून बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "हिरवा." ट्रक हिरवाच होता. तो शब्द ऐकून मी गाडी तशीच पुढे काढली. आजवर मी रागाच्या भरात पुष्कळ गोष्टी केल्या आहेत. ही एकच गोष्ट मी राग न येता, नुसत्या भीतीने केली.

मी रस्त्यातून फोन केला होता. आम्ही पोचलो तेव्हा अप्पा दारातच उभे होते, हातावर जेल चोळत. या वेळी शर्ट काढायची गरज पडली नाही. आरूने अप्पांना बघितलं आणि आपणहून हात वर केले. पट्टी सुरू झाली. मला त्यातलं काही कळत नाही, पण रेघा इतक्या दाट होत्या की कंगव्याच्या दातांसारख्या दिसत होत्या. अप्पांनी ती पट्टी मॅडमपुढे धरली. मॅडम म्हणाल्या, "सापडलं."

आधी बर्फाचीच पिशवी लावली, मशीन चालू ठेवून, मोजून. काही झालं नाही. पुन्हा लावली. काही झालं नाही. ताईने माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. फाट्यावर लावला असता तर लागू पडला असता का, हे मला आजही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

मग इंजेक्शन ठरलं. मॅडमनी आधीच सांगितलं, "हे दिल्यावर क्षणभर रेघ सरळ होईल. घाबरू नका." हे ऐकून कोण घाबरणार नाही? मी मशीनकडे डोळे लावले. तेवढ्यात अप्पांनी माझा खांदा धरून मला वळवलं.

"तिकडं बघू नका. पायाकडं बघा. तिच्या पायाच्या बोटांकडं."

सुई गेली. मशीनचा आवाज थांबला. मी आरूच्या पायाच्या बोटांकडे बघत होतो. ताईने लावलेलं लाल नेलपेंट अर्धं निघालेलं होतं. आणि अंगठा हलला. मागून अप्पांचा आवाज आला, "आला ठोका." मग मशीन परत बोलायला लागली, सावकाश, एकेक.

आरू म्हणाली, "थांबलं." आणि मग लगेच, "मामाला चिकटवा ना."

त्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यामागच्या चहाच्या टपरीवर मी अप्पांना फोनची गोष्ट सांगितली. सांगताना मला रडू आलं. मला वाटलं अप्पा म्हणतील, जाऊ दे, होतं असं. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी चहा संपवला आणि स्वतःची गोष्ट सांगितली.

अप्पा तेव्हा नवीन होते, लातूरला कामाला होते. एक सहा वर्षांचा मुलगा टेबलावर फार हातपाय झाडत होता. दोघांनी त्याला दाबून धरलं, पट्टी काढली. पट्टीत मध्येच काही ठोके वेडेवाकडे होते. अप्पांना वाटलं, मुलगा हलला म्हणून असेल. त्यांनी ती पट्टी फाडली आणि थोड्या वेळाने तो दमून पडल्यावर दुसरी काढली. दुसरी चांगली आली. तीच पुढे दिली. तो मुलगा पुन्हा कधी दवाखान्यात आला नाही. "तो दुसरीकडं गेला, का बरा झाला, का काय झालं, मला न्हाई माहीत," अप्पा म्हणाले. "ते वाकडे ठोके हलण्याचेच होते का, तेबी न्हाई माहीत. तेव्हापास्नं मी पट्टी फाडत न्हाई. आन लेकरू दाबून धरत न्हाई. तुम्ही चुकलात, गजाननराव. मीबी चुकलो होतो. आता पुढच्या वेळी फोन ठेवायचा, बस."

ही गोष्ट गौरवग्रंथात लिहू का, असं मी अप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ती लिहा. बाकी काही न्हाई लिहिलं तरी चालतंय."

अप्पांचं ऐकलं तर लेख इथेच संपवायला पाहिजे. पण बिलोलीच्या बाळाची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ती मला अप्पांच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी सांगितली आहे. नुकतंच जन्मलेलं बाळ, सगळं घर त्याचं कौतुक करत होतं की किती शांत आहे, रडतसुद्धा नाही, नुसतं झोपून असतं. ते बाळ कुठल्या तरी साध्या तपासणीला आलं होतं आणि अप्पा फक्त जिन्यात त्याच्या आजीला वाट देण्यासाठी बाजूला झाले होते. त्यांनी विचारलं, "दूध पिताना दमतं का?" आजी कौतुकाने म्हणाल्या, "लई निवांत पितंय, मधीमधी थांबून." अप्पांनी बाळाच्या दंडाला बोट लावलं आणि तसंच त्याला आपल्या खोलीत नेलं. ठोके फार सावकाश होते. त्या वेळी एका मोठ्या माणसाचा मुलगा साध्या पट्टीसाठी बाहेर बसला होता आणि सोबतची मंडळी घाई करत होती. अप्पांनी दार लावून घेतलं. ते बाळ त्याच दिवशी मोठ्या ठिकाणी गेलं. त्याला ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं आणि आता ते बाळ पायाने चालतं. आरूचं हृदय पळत होतं, त्या बाळाचं थांबत थांबत चाललं होतं. दोन्हींकडे घरच्यांना वेगळंच वाटलं होतं. यात घरच्यांना हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे बर्फ होता, त्यांच्याकडे कौतुक होतं.

एक काम मात्र मी अप्पांसाठी करतो, त्याचा मला अभिमान आहे. नांदेडची खेप संपली की मी अधूनमधून त्यांच्या खोलीत डोकावतो. एखादं लेकरू फार घाबरलेलं असलं की अप्पा म्हणतात, "गजाननराव, शर्ट." मी आडवा होतो आणि लेकरं माझ्या छातीवर चकत्या चिकटवतात. वैशालीने आता माझे फोन उचलणं बंद केलं आहे. नाव पुसून टाकावं असं मित्र म्हणतात. मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "राहू दे. लेकरांना चौथी चकती कुठं लावायची ते बरोबर कळतं." मी हसलो नाही, पण नाव राहू दिलं.

आरू आता सहा वर्षांची आहे. रोज दोन वेळा औषध चालू आहे. मध्ये एकदा आणखी झटका आला होता, तो दवाखान्यात थांबला. मॅडम म्हणतात, दिवाळीनंतर हैदराबादला नेऊन हृदयात तार घालून ती भलती वाट कायमची बंद करायची. बहुतेक लेकरांचं चांगलं होतं, असंही म्हणतात. त्या 'बहुतेक' या शब्दाने दाजी पुन्हा उठून बाहेर जायला लागले आहेत. मलाही भीती वाटते. हे मी छापून देतोय, कारण गौरवग्रंथात खोटं लिहू नये. अप्पा येत्या महिन्यात निवृत्त होऊन लातूरच्या घरी, त्यांच्या बायकोपाशी म्हणजे काकूंपाशी, कायमचे राहायला जाणार आहेत. पण हैदराबादला ते सोबत येणार आहेत. आम्ही न सांगता त्यांनीच ठरवलं. "तिथं तिला कोण सांगणार, आधी मामाचा शर्ट काढा म्हणून?" असं म्हणाले.

म्हणून अप्पांच्या उदंड आणि निरोगी आयुष्याची माझी इच्छा थोडी स्वार्थी आहे. आधी ते दिवाळीपर्यंत ठणठणीत हवेत, मग हैदराबादच्या त्या दिवसापर्यंत, मग आरू शाळेतून धावत घरी येईल आणि कुणी छातीला हात लावणार नाही त्या दिवसापर्यंत. त्यानंतरही पुढे खूप. बाकी लेकरं रांगेत आहेतच.

मागच्या रविवारी अप्पा सुट्टीला घरी होते, तेव्हा आम्ही सगळे लातूरला त्यांच्याकडे गेलो होतो. आरूने ताईच्या पर्समधून पेन आणि कागद काढला, अप्पांना खुर्चीत बसवलं, चांदीची डबी त्यांच्याच हाताने बाजूला करायला लावली आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला. "मामा, घड्याळ बघ." मी बघितलं. ती एकेक ठिपका काढायला लागली, जीभ दातांत धरून. दहा सेकंद झाले. मी म्हणालो, "बस."

ती थांबली नाही. "आरू, झाले दहा," ताई म्हणाली. अप्पांनी हात वर करून ताईला गप्प केलं. कागदाची ओळ संपली, आरूने दुसरी धरली. कागद भरला. मग तिने डावा हात अप्पांच्या छातीवरून न उचलता, कोपराने कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पहिला ठिपका काढला.